चार सीटच्या विमानात लहान मूल: निघण्याच्या आठवडाभर आधीपासून प्रोपेलरचा पंखा थांबेपर्यंत

परवाना हातात आला की पहिल्या महिन्यात नवरा किंवा बायको, दुसऱ्यात मूल आणि उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा, असा विमानात बसवण्याचा क्रम अमेरिकेतल्या मराठी पायलटांच्या घरी जवळपास ठरलेला असतो. मोठ्यांचं निभावून जातं. मुलांच्या बाबतीत मात्र त्याच त्या चुका होतात, आणि त्यातल्या निम्म्या मी स्वतः करून बसलो आहे. चूक दिसते हवेत, पण ती झालेली असते जमिनीवर. हेडसेट घरी घालून बघितलेला नसतो, कारसीट विमानात बसते का ते तपासलेलं नसतं, खाली किती वेगाने उतरायचं याचा हिशेब मांडलेला नसतो. मग चार हजार फुटांवर मागे रडारड सुरू होते आणि पायलट मान वळवून मागे बघत बसतो.

हा लेख सेस्ना १७२ किंवा पायपर चेरोकीसारख्या, केबिनमध्ये हवेचा दाब न राखणाऱ्या विमानांबद्दल आहे. नियम एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याचे, खासगी उड्डाणाचे. एअरलाइनने मुलांना दहा वेळा मुंबईला नेलं असलं तरी तो अनुभव इथे फारसा कामाचा नाही.

१. आधी माणसं ठरवा

पायलटने विमान उडवायचं आणि मूल दुसऱ्या मोठ्या माणसाने सांभाळायचं. एकट्याने तीन वर्षांच्या मुलाला घेऊन उडणं कायद्यात बसतं, पण माझ्या मते ते करू नये. मूल ठसकलं, उलटी झाली, पट्ट्यातून हात काढून बसलं, तर तुम्ही मागे वळणार. बाप किंवा आई असल्यामुळे वळणारच.

सांभाळणारं माणूस कुठे बसणार, हेही आत्ताच ठरवा. मूल एकच असेल तर ते माणूस मागे, मुलाशेजारी. दोन मुलं असतील तर मागचा बाक मुलांनी भरतो आणि मोठं माणूस पुढे उजवीकडे येतं. अशा वेळी त्याने पट्टा न सोडता हात मागे पोचतो का ते जमिनीवर करून बघा. लहान मुलाला पुढच्या सीटवर बसवू नका. समोर योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग असतं, पायाशी रडरची पेडलं असतात, आणि कारसीट लावली की योक पूर्ण मागे येत नाही.

तिसरी गोष्ट स्वतःची. प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत, हा नियम आहे. मुलं असताना मी तेवढ्यावर थांबत नाही. आठवडाभर आधी एकटा जाऊन बाजूच्या वाऱ्यात चार लँडिंग करून येतो.

२. कारसीट आधी विमानात बसवून बघा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन वर्षं पूर्ण न झालेल्या बाळाला मोठ्या माणसाने मांडीवर धरायला नियम परवानगी देतो. ते शहाणपणाचं आहे असं एफएएही म्हणत नाही. २२ पौंडांचं बाळ ३ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट झटक्यात ६६ पौंडांचं होतं, आणि तसा झटका बसणार आहे हे आधी कळत नाही. आजी म्हणतील, "अरे, मी धरते की घट्ट." त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, मनगटांबद्दल आहे. बाळासाठी सीट रिकामी ठेवा आणि कारसीटच लावा.

इशारा: मोठ्यांचा पट्टा बाळासकट दोघांभोवती कधीही लावू नका. झटक्यात मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळावर येतं. पोटाशी बांधायची झोळीही पट्ट्याच्या जागी चालत नाही.

कारसीट घेताना तिच्यावरचं लेबल वाचा. मोटारगाडी आणि विमान या दोन्हींसाठी प्रमाणित असल्याचं वाक्य लाल अक्षरांत असायला हवं. पाठ नसलेले बूस्टर विमानात मान्य नाहीत. हार्नेस आणि जॅकेटसारख्या वस्तूही, खास मंजुरी असल्याशिवाय, चालत नाहीत. केअर्स नावाच्या हार्नेसला ती मंजुरी आहे. तो २२ ते ४४ पौंडांच्या आणि ४० इंचांपर्यंत उंचीच्या मुलांसाठी आहे. मात्र त्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून फिरवावा लागतो. तुमच्या विमानाचा मागचा बाक सलग पाठीचा असेल तर तो फिरवायला जागाच नसते, म्हणून आधी बघून मगच पैसे घाला.

आता विमानात जाऊन, मुलाशिवाय, निवांत अर्धा तास काढून सीट बसवा. गाडीत आणि विमानात तीन फरक जाणवतील.

एक, बहुतेक विमानांत कारसीट अडकवायचे हूक आणि वरचा पट्टा बांधायची कडी नसते. सीट फक्त कमरेच्या पट्ट्यावर धरायची.

दोन, गाडीचा पट्टा पूर्ण ओढला की त्याच जागी कुलूप लागल्यासारखा घट्ट राहतो. विमानाचा बहुधा तसा राहत नाही. त्यामुळे पट्टा धरून ठेवणारा चाप स्वतःचाच असलेली कारसीट निवडा.

तीन, आणि हे फार कमी जण बघतात: विमानाचं बक्कल झाकण उचलून उघडतं. ते कारसीटच्या पट्ट्याच्या खाचेत आलं, तर प्लॅस्टिकला टेकून झाकण आपोआप उचललं जाऊ शकतं. उलट बाजूने, म्हणजे दाटीवाटीत आणि झाकण आतल्या बाजूला असलं, तर घाईत ते उघडतच नाही. बक्कल जरा पुढेमागे सरकवून, गरज पडल्यास उलटं करून, दोन्ही प्रकार तपासा.

तपासा: पट्ट्याच्या खाचेपाशी धरून सीट हलवा. एक इंचापेक्षा जास्त सरकली तर बसलेली नाही. नंतर डोळे मिटून बक्कल उघडा. जमलं नाही तर पुन्हा लावा.

मागे तोंड केलेली बाळाची सीट पुढच्या सीटच्या पाठीला टेकते. ती टेकू नये म्हणून पुढची सीट पुढे सरकवली, तर तुमचे गुडघे पॅनेलला लागतात का, योक पूर्ण फिरतो का ते बघा. सेस्नामध्ये पुढच्या सीटच्या रुळांची आणि खिट्टीची झीज हा जुना प्रश्न आहे. एफएएचा त्यावर तपासणीचा आदेशही आहे. टेकऑफच्या वेळी खिट्टी सुटून सीट मागे सरकली की पायलटचा हात योकसकट मागे येतो. मागे बाळ असेल तर सीट थेट त्याच्यावर. त्यामुळे सीट लावल्यावर कंबरेने पुढेमागे दोन झटके द्यायचे, ही सवय लावून घ्या.

पायपर चेरोकीला एकच दार, उजवीकडे, पंखावर उघडणारं. तिथे बाहेर पडण्याच्या वाटेत कारसीट येणार नाही अशी ती डावीकडे लावा.

३. घरची तालीम

इंजिनाचा आवाज मुलाच्या कानांना मोठ्यांपेक्षा कमी त्रासाचा असतो असं काही नाही. कान झाकल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. बाळासाठी मऊ पट्ट्याचे कर्णरक्षक मिळतात, मोठ्या मुलासाठी लहान मापाचा हेडसेट. पण मुलाने ते पहिल्यांदा विमानात डोक्यावर घातले, तर दोन मिनिटांत काढून फेकले म्हणून समजा. आमच्याकडे यावर मिक्सरचा उपाय निघाला. चटणी वाटायच्या आधी मुलीने कान झाकायचे, मिक्सर थांबला की काढायचे. आठवड्याभरात ती स्वतःच हेडसेट घेऊन ओट्यापाशी येऊन उभी राहू लागली.

विमानाच्या हेडसेटला दोन पिना असतात, जाड पिन ऐकण्याची आणि बारीक बोलण्याची. लहान मुलासाठी पहिल्या काही फेऱ्यांत बारीक पिन लावूच नका. त्याला तुमचा आवाज येतो, पण त्याची किंकाळी टॉवरच्या सूचनेवर येत नाही. पुढे बडबड ऐकायची हौस झाली की लावा, पण ऑडिओ पॅनेलवरची पायलटला वेगळं काढायची कळ कुठे आहे ते हाताला माहीत असू द्या.

तालमीतला दुसरा भाग 'स्टॅच्यू'. आपण लहानपणी खेळलो तोच खेळ. मी "स्टॅच्यू" म्हटलं की बोलायचं नाही, "ओव्हर" म्हटलं की सुटका. इंजिन सुरू झाल्यापासून सरळ उड्डाण सुरू होईपर्यंत, आणि उतरताना शेवटची दहा मिनिटं स्टॅच्यू. चार वर्षांच्या मुलाला "विमान उडवताना बाबांना त्रास द्यायचा नाही" हे कळत नाही, खेळ कळतो. हा खेळ विमानतळावर चालतानाही कामी येतो.

४. वजनाचा कागद

"मुलंच तर आहेत, त्यांचं वजन ते काय!" हे वाक्य फार ऐकलंय. एका सेस्ना १७२ एसचा आमचा हिशेब बघा. कमाल वजन २,५५० पौंड. त्या विमानाचं रिकामं वजन वजा करून उरतात ८६० पौंड. मी १७५, बायको १४०, मुलगी ३३, तिची कारसीट १८, बाळ २२, त्याची सीट १२, बॅग ४०, स्ट्रोलर १८. एकूण ४५८. वापरता येणारं पेट्रोल ५३ गॅलन, गॅलनला ६ पौंड म्हणजे ३१८. बेरीज ७७६, शिल्लक ८४. बसलं, पण ५५ पौंडांच्या मुलांमागे ८८ पौंडांचं सामान निघालं हे लक्षात घ्या. विसरलं जातं ते हेच.

बेरीज जमली की काम झालं असं नाही. एकाच मुलाबरोबर सांभाळणारं माणूस मागे बसलं, तर पुढे पायलट एकटा आणि बाकी सगळा भार मागे जातो, आणि गुरुत्वमध्यही मागे सरकतो. सामानाच्या कप्प्याची मर्यादा १७२ एसमध्ये १२० पौंड आहे. कप्प्यात जागा दिसते म्हणून स्ट्रोलर, पाण्याची खोकी, भेटीची पिशवी असं कोंबत गेलात, तर वजन आणि गुरुत्वमध्याचा आलेख हद्दीबाहेर कधी जातो ते विमानाच्या वागण्यातून कळतं, आणि ते कळायची जागा धावपट्टी नव्हे. त्या दिवशीची खरी वजनं घालून कागद करा. सासूबाईंना वजन विचारायचं धाडस होत नसेल तर घरातला काटा दारात ठेवा आणि आधी स्वतः उभे राहा. रांग आपोआप लागते.

मुलांचं वजन तीन महिन्यांत बदलतं. जुना कागद चालवू नका.

५. वेळ, टप्पा आणि उतरण्याचा हिशेब

पहिली फेरी अर्ध्या तासाची, तिथल्या तिथे. दुसरी जवळच्या विमानतळावर, आइस्क्रीम खाऊन परत. त्यानंतरही एक टप्पा दीड तासाच्या आत ठेवा. १७२ मध्ये शौचालय नाही, आणि "आता थांब, अर्ध्या तासात पोचतो" हे चार वर्षांच्या मुलाला सांगून उपयोग नसतो.

वेळ सकाळची. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात आणि खालच्या उंचीवर विमान हलायला लागतं. मळमळीचं मुख्य कारण तेच. आमच्याकडे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, यात एक मेख आहे. उन्हाळ्यात वॉटसनव्हिल किंवा हाफ मून बेसारख्या किनाऱ्यावरच्या विमानतळांवर सकाळी समुद्रावरचे ढग बसलेले असतात, ते विरेपर्यंत दुपार होते. म्हणून मुलांबरोबर उन्हाळ्यात सकाळी आतल्या बाजूला जायचं, आणि किनारा ठेवायचा शरद ऋतूसाठी.

उंची शक्यतो आठ हजार फुटांच्या आत ठेवा. कायद्याने ऑक्सिजनची सक्ती बरीच वर सुरू होते, पण ते मोठ्यांच्या शरीराचे आकडे आहेत. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा छातीचा त्रास असेल तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. नुसतं "विमानाने जातोय" म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर एअरलाइन येते.

आता कान. चढताना कानातली हवा सहज बाहेर पडते. उतरताना ती आत घ्यायला गिळावं लागतं, आणि मुलांची कानातली नळी अरुंद असते. आपण शिकताना मिनिटाला ५०० फूट उतरायला शिकतो. मुलं असताना ३०० धरा.

माझी चूक सांगतो. सिएराच्या पायथ्याच्या कोलंबियाहून सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यूला परत येत होतो. अंतर साधारण ऐंशी नॉटिकल मैल. पश्चिमेकडे जाताना ६,५०० फूट घेतले. उतरण्याआधी विमानतळाभोवती घेतात त्या सर्किटची उंची साधारण ११०० फूट, म्हणजे उतरायचं ५,४०० फूट. ३०० च्या दराने १८ मिनिटं. १२० नॉट्सने मिनिटाला दोन मैल, म्हणजे ३६ मैल आधी उतरायला सुरुवात. कागदावर उत्तम. फक्त मधे डायब्लो डोंगररांग उभी आहे, तिचा माउंट हॅमिल्टन ४,२०० फुटांच्या वर, आणि तिथून रीड-हिलव्ह्यू जेमतेम नऊ मैल. डोंगर ओलांडेपर्यंत मी साडेपाच हजारांच्या खाली येऊ शकलो नाही आणि मग नऊ मैलांत विमान जवळजवळ पाडलंच. मुलगी कान धरून जी रडली, ती गाडीत बसेपर्यंत थांबली नाही.

पुढच्या वेळेपासून लिव्हरमोरच्या खोऱ्यातून येतो. बारा मैल, म्हणजे सहा-सात मिनिटं जास्त लागतात, पण सबंध वाटेत हळूहळू खाली येता येतं. तुमच्या मार्गावर डोंगर किंवा हवाई हद्दीचा मजला आडवा येत असेल, तर उतरायला कुठे सुरुवात करता येईल हे शेवटच्या टोकापासून उलटं मोजा आणि नकाशावर त्या जागी खूण करा. जागा पुरत नसेल तर डोंगराच्या अलीकडून वळसा घ्या, नाहीतर पलीकडे सुरक्षित जागी दोन गोल चकरा मारून उंची घालवा.

६. आदल्या रात्री: जायचं की नाही

मुलाला सर्दी असेल, कान दुखत असेल, ताप येऊन गेला असेल, तर जायचं नाही. इथे मधला मार्ग नाही. नाक चोंदलेल्या मुलाला हवेत नेणं म्हणजे उतरताना हमखास छळ, आणि कानाच्या पडद्याला इजा होण्याचीही शक्यता.

वाऱ्याची, ढगांची आणि दृश्यमानतेची तुमची एकट्याची जी मर्यादा असेल, तीपेक्षा कडक मर्यादा मुलांसाठी लिहून ठेवा. लिहून अशासाठी की पलीकडे कुणाच्या तरी घरी बारसं असतं, पुरणपोळ्यांचा घाट घातलेला असतो, आणि सकाळी आकडे थोडेसे वर गेले की "तेवढं चालेल" असं वाटू लागतं. निमंत्रण स्वीकारतानाच सांगून टाका की हवा बरी नसेल तर गाडीने येऊ, उशीर होईल किंवा येणार नाही.

बॅग रात्रीच भरा, आणि सांभाळणाऱ्याच्या हाताशी येईल अशी ठेवा. झिपच्या पिशव्या उलटीसाठी आणि घाणेरड्या कपड्यांसाठी, दोन ओले रुमाल, मुलाचा आणि सांभाळणाऱ्याचाही एक जास्तीचा शर्ट, डायपर, मोठ्या मुलासाठी झाकणाची बाटली. खायला कोरडं आणि सौम्य: दशमी, खाकरा, केळं. चिवडा नको, तो सीटच्या रुळांत जातो. शेंगदाणे, फुटाणे आणि कडक गोळ्या लहान मुलांना अजिबात नको, हेलकाव्यात ठसका लागला तर करणार काय?

नळीच्या सिपरबद्दल सावध करतो. जमिनीवर घट्ट बंद केलेला सिपर पाच हजार फुटांवर उघडला की आतली दाबलेली हवा दूध नळीतून उडवते. आमच्याकडे ते छतापर्यंत गेलं होतं. चढताना एकदा झाकण सैल करून हवा सोडा. वेफर्सची पाकिटंही फुगतात, ती आधी टाचणीने टोचा.

७. रॅम्पवर

रॅम्प म्हणजे विमानं उभी करतात ती जागा. या टप्प्याला मी सगळ्यात जास्त घाबरतो, हवेला नाही.

विमानाची तपासणी पायलटने एकट्याने करायची. तोवर मुलं सांभाळणाऱ्याबरोबर लाउंजमध्ये. "त्यालाही दाखवू या, मजा येईल" हे दुसऱ्या दिवशी, उडायचं नसताना करा. पेट्रोलचा नमुना काढताना मूल जवळ नकोच. निळ्या रंगाच्या १००एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतं. सांता क्लारा काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून रीड-हिलव्ह्यूवर त्याची विक्री थांबवली ती याच चिंतेपोटी. नमुना काढून झाला की हात धुवा, मग मुलाला उचला.

इशारा: थांबलेला पंखाही चालू आहे असंच समजा. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची तार तुटलेली असेल तर चावी काढलेली असतानाही पंखा हलवल्यावर इंजिन सुरू होऊ शकतं. मुलाला शिकवायचं वाक्य एकच: विमानाच्या बाजूच्या पंखांपुढे कधीच जायचं नाही, विमानाला मागून यायचं.

हात धरायचा तो मनगटाशी. बोटं धरली की मूल हिसडा देऊन सुटतं. मुलाला खांद्यावर घेऊन विमानाजवळ जाऊ नका. १७२ च्या पंखाची मागची कड मोठ्या माणसाच्या कपाळाला लागते, खांद्यावरच्या मुलाच्या थेट तोंडावर येते. शेजारच्या विमानाचं इंजिन चालू असेल तर ते निघून जाईपर्यंत दारातच थांबा.

८. बसवण्याचा क्रम

क्रम चुकला की उन्हात तापलेल्या केबिनमध्ये मूल दहा मिनिटं पट्ट्यात अडकून बसतं आणि इंजिन सुरू व्हायच्या आधीच चिडतं. आमचा क्रम असा आहे:

१. कारसीट रिकाम्याच लावून, हलवून तपासायच्या. सामान बांधायचं.
२. पायलटने रेडिओची माहिती, मार्ग, टॅब्लेट सगळं तयार करायचं. दारं उघडी.
३. मुलांना शौचालयात नेऊन आणायचं. आता लागली नाही म्हटलं तरी.
४. सांभाळणारं माणूस मागे बसणार असेल तर आधी ते आत, मग मूल.
५. पट्टा, मग हेडसेट. जाड जाकीट पट्ट्याच्या आत नको, पट्टा सैल राहतो.
६. पायलट शेवटी. पुढच्या दोन्ही सीटना झटका देऊन खिट्टी तपासायची, मग दारं.

सगळ्यांना पट्टा कसा लावायचा आणि सोडायचा हे सांगणं नियमाने पायलटचं काम आहे. सांगू नका, करून घ्या: सांभाळणाऱ्याने दार उघडून दाखवायचं, मुलाच्या कारसीटचं बक्कल सोडून दाखवायचं. मुलाला दोन आवाजांची कल्पना द्या. धावपट्टीपाशी इंजिनाची चाचणी घेताना मोठा आवाज होईल, आणि उतरताना अगदी शेवटी पिपाणीसारखी शिट्टी वाजेल. ती वेग कमी झाल्याच्या इशाऱ्याची शिट्टी ऐकून आमची मुलगी पहिल्यांदा दचकली होती, आता तिची वाट बघते.

९. हवेत

सरळ उड्डाण सुरू झालं की "ओव्हर". टॅब्लेट देण्याआधी बाहेर बघू द्या, क्षितिजाकडे. मळमळ मान खाली घातल्याने वाढते. हवेची झडप मुलाच्या तोंडाकडे वळवा. मूल अचानक गप्प झालं, जांभया देऊ लागलं, तोंड पांढरं पडलं, तर पिशवी उघडून तयार ठेवा.

हिवाळ्यात हीटर लावणार असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. या विमानांत हीटरची गरम हवा एक्झॉस्टच्या भोवतालच्या आवरणातून येते. तिथे चीर गेली की कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. त्याला रंग नाही, वास नाही. लक्षण काय, तर डोकेदुखी आणि गुंगी. आणि उबदार विमानात मूल झोपी जाणं तर रोजचंच. म्हणजे मुलाकडे बघून काहीही कळणार नाही. रंग बदलणाऱ्या ठिपक्याच्या कार्डावर विसंबू नका, आवाज करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवा. ते वाजलं तर हीटर बंद, ताज्या हवेच्या झडपा उघड्या, आणि जवळच्या विमानतळावर उतरायचं.

उतरायची खूण आली की झोपलेल्या मुलाला उठवा. मन होत नाही, पण झोपेत मूल फार कमी गिळतं. बाळाला दूध किंवा चोखणी, मोठ्याला पाण्याचे छोटे घोट. हे उतरायला सुरुवात झाल्यावर नव्हे, दोन मिनिटं आधी सुरू करा. कान धरून रडू लागलं तर थोडं वर चढा, थांबा, मग आणखी हळू उतरा. टॉवरला सांगा की लहान मुलाच्या कानासाठी वेळ हवाय. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

१०. काही बिघडलं तर

निघायच्या आधी सांभाळणाऱ्याशी तीन गोष्टी बोलून ठेवा.

दार हवेत उघडलं: मोठा आवाज होतो, वारा येतो, पण दार पूर्ण उघडत नाही आणि विमान उडतं. कुणीही ते ओढून बंद करायला पट्टा सोडायचा नाही. पायलट विमान उतरवून मग बंद करेल.

मूल घुसमटलं किंवा त्याला आकडी आली: उपचार सांभाळणाऱ्याने करायचे, पायलटने सगळ्यात जवळचा विमानतळ गाठायचा आणि रेडिओवर आणीबाणी जाहीर करायची. मागे वळून बघायचं नाही. हे आधी ठरलेलं नसेल तर वळलं जातं.

इंजिन बंद पडून शेतात उतरावं लागलं: टॅब्लेट, बाटल्या, खेळणी बॅगेत, कारण झटक्यात ती दगडासारखी येतात. पट्टे घट्ट, जाकीट मुलाच्या तोंडापुढे. टेकण्याआधी दाराची खिट्टी काढायची. कोणतं मूल कुणी घ्यायचं ते नावाने ठरलेलं हवं. बाळाला कारसीटमधून सोडवून न्यायचं, सीट सोडवत बसायचं नाही. सगळ्यांनी शेपटीच्या मागे जमायचं.

११. उतरल्यावर

विमान जमिनीवरून चालवत नेताना (टॅक्सी करताना) मुलं पट्टे सोडायला लागतात, कारण गाडीत तसंच करतो. इंजिन बंद होईपर्यंत स्टॅच्यू. मिक्श्चर (इंजिनाला पेट्रोल देणारी कळ) बंद, मॅग्नेटो बंद, चावी काढून समोरच्या पॅनेलवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. पंखा पूर्ण थांबला की पायलटने "ओव्हर" म्हणायचं, मगच दाराला हात. इंजिन चालू ठेवून "पटकन उतरा, मी पेट्रोल भरून येतो" हा प्रकार कधीही नाही.

आणि घ्यायला येणाऱ्यांना आदल्या रात्रीच फोन करून सांगा की कुंपणाच्या आतच यायचं नाही. छोट्या विमानतळांवर फाटक उघडंच असतं. काका हात हलवत विमानाकडे पळत येतात, मुलाला काका दिसतात, आणि दोघांच्या बरोबर मधे पंखा असतो.